सिदापाचं झाड एका रेघेत: फिलिपिन्सचे जुने देव आणि मिनिमलिस्ट चित्रं

रेषाळ (धागाकर्ती)

स्पॅनिश येण्याआधीच्या फिलिपिनो देवांची चित्रं नेटवर शोधलीत तर एकाच साच्यातून काढलेली शेकडो सापडतील. पिळदार दंड, उघडी छाती, पाठीमागे ज्वाळा, डोक्यावर पिसांचा टोप. देवी असेल तर कंबर मुठीत मावेल एवढी. रंगकाम पुष्कळदा अफलातून असतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातलं फारसं काही कुठल्याच जुन्या कागदात नाही. गेम कंपन्यांना लागतात तशी पात्रं आहेत ती. मागे एका कंपनीसाठी मीही अशी काढली आहेत. "देव अजून थोडा तगडा करा" अशी सूचना लेखी आली होती, त्यामुळे हे ऐकीव नाही.

मी मकातीत राहते, मनिला महानगराच्या पोटात. दिवसभर ॲपचे आयकॉन आणि स्क्रीन आखते. फावल्या वेळात या देवांची एक मालिका काढते आहे आणि त्यातली काही चित्रं खाली डकवली आहेत. आधी नियम सांगते, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. नोंदीत आहे तेवढंच काढायचं. जे सापडत नाही ती जागा कोरी. दोन रंग आणि पार्श्वभूमी. चेहरा नाही.

चेहरा का नाही? १५६५ साली स्पॅनिश सेनानी लेगास्पी सेबू बेटावर उतरला, १५७१ मध्ये मनिला घेतली, आणि मागोमाग आलेल्या मिशनऱ्यांनी दिसतील त्या मूर्ती जाळल्या. त्या देवांबद्दल जे लिहिलं गेलं तेही मुख्यतः याच पाद्री आणि अधिकारी मंडळींनी. १५९०च्या सुमारास मनिलात तयार झालेलं एक सचित्र हस्तलिखित आहे, बॉक्सर कोडेक्स म्हणतात त्याला, आता अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाकडे असतं. तागालोग (मनिलाच्या आसपासचे) आणि विसाया (मधल्या बेटांवरचे) लोकांचे कपडे, गोंदण, सोन्याचे दागिने त्यात झकास रंगवलेत. देवांची चित्रंही आहेत, पण ती चिनी देवांची! ज्या बेटांवर बसून हे सगळं काढलं तिथल्या एकाही देवाचं चित्र त्यात नाही. मग मी नाक-डोळे कुठून आणू?

आता चित्रं.

पहिलं सिदापाचं. हा विसायातला मृत्यूचा देव. पानाय बेटावर राहिलेला मिगेल दे लोआर्का नावाचा स्पॅनिश माणूस १५८२ साली लिहून गेलाय, की माजा-आस डोंगरावर सिदापाचं एक खूप उंच झाड आहे. मूल जन्मलं की सिदापा त्या झाडावर त्याच्या आयुष्याचं माप घेतो आणि खूण करतो. माणसाची उंची त्या खुणेला टेकली की तो मरतो. झालं, एवढंच. सिदापा दिसतो कसा याबद्दल एक शब्द नाही. म्हणून मीही सिदापा काढला नाही. खालच्या कडेपासून वरच्या कडेबाहेर जाणारी एक उभी रेघ, तिच्यावर वेगवेगळ्या उंचीला आडव्या खाचा, आणि शेजारी एक आखूड रेघ उभी. तिचं डोकं एका खाचेच्या किंचित खाली आहे. मोठ्या स्क्रीनवर बघा, मोबाइलवर ते अंतर दिसत नाही. ते अंतर किती ठेवायचं यावरच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. जास्त ठेवलं की नुसती पट्टी वाटते, आणि चिकटवलं की गोष्टच संपते.

दुसरं मायारीचं. मनिलाच्या उत्तरेला असलेल्या पांपांगाकडची चंद्रदेवता. बाप पृथ्वीवर राज्य कोण करणार ते न ठरवताच मेला, म्हणून ती आणि भाऊ अपोलाकी बांबूच्या दांडक्यांनी भांडले. त्यात तिचा एक डोळा गेला. मग भाऊ ओशाळला आणि दोघांनी राज्य वाटून घेतलं, दिवस त्याचा आणि रात्र तिची. एकच डोळा म्हणून चंद्राचा उजेड मंद. इथे अगदी सारख्या मापाची दोन वर्तुळं आहेत, एक पिवळं, एक राखाडी, आणि राखाडीला मधोमध एक आडवा छेद. वर्तुळं सारखी ठेवलीत कारण वाटणी सारखी झाली होती. मायारीला लहान करायचा मोह सगळ्यांनाच होतो.

तिसरं नुसत्या ठिपक्यांचं. प्लासेन्सिया हा पाद्री १५८९ साली तागालोग लोकांबद्दल लिहितो, की ते ताऱ्यांनाही भजत. नावं तीनच देतो: पहाटेचा तारा ताला, कृत्तिका म्हणजे मापोलोन, आणि बालातिक, जे त्याच्या मते सप्तर्षी. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचे लोक बालातिक मृगाच्या पट्ट्यात बघतात. बालातिक हा डुकरं मारायचा भाल्याचा सापळा असतो, म्हणून मी ठिपक्यांतून सापळ्याची ताण दिलेली दोरी ओढली आहे.

तागालोगांचा सगळ्यात मोठा देव बथाला, शेतीची देवता लाकापाती आणि चंद्र गिळणारा बाकुनावा अजून कागदावरच आहेत. बुलुल, म्हणजे इफुगाओ या उत्तरेकडच्या डोंगरी लोकांचे भाताचे लाकडी देव, काढणार नाही, त्याबद्दल विचारलंत तर सांगेन.

---

टिंबटिंब

सिदापाचं चित्र बघून अंगावर आलं. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची पेन्सिलीने लिहून ठेवतो ना, तेच, फक्त उलट्या हिशोबाने.

तिसरं मात्र मला वर्णन वाचल्याशिवाय कळलं नसतं. पहिल्या दोन्हींत गोष्ट माहीत नसली तरी काहीतरी पोचतं.

---

खडूस काका

चित्रं बरी आहेत. पण हल्ली जे ते मिनिमल झालंय. बँकेचा लोगो मिनिमल, पिठाची पिशवी मिनिमल, आता देवही. रक्तमांस काढून घेतलं की आयकॉन उरतो आणि आयकॉन कुठेही चिकटवता येतो. इफुगाओंच्या देवाला डुकराचं रक्त लागतं, ते तुमच्या त्या साबुदाण्याच्या रंगावर कुठे सांडणार?

दुसरं. "नोंदीत आहे तेवढंच" हे ऐकायला छान वाटतं. नोंदी तरी खऱ्या असतात का? त्याच पानाय बेटावरच्या कलांतियाव नावाच्या सरदाराची १४३३ सालची कायदेसंहिता तिकडच्या पोरांनी शाळेत पाठ केली. होसे मार्को नावाच्या गृहस्थांनी १९१४ साली सरकारी ग्रंथालयाला दिलेल्या कागदांत ती होती. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉटने १९६८च्या आपल्या प्रबंधात सगळी भांडी फोडली: संहिता बनावट, आणि मार्कोने दिलेले बाकीचे "प्राचीन" कागदही तसलेच. तोवर त्या सरदाराच्या नावाने नौदलात एक जहाजसुद्धा फिरत होतं. ते १९८१ साली तुफानात सापडून बुडालं, ते वेगळं.

---

रेषाळ

काका, कलांतियाव काढलंत ते बरं झालं, कारण नोंद निवडायची माझी पद्धत तिथूनच आली. बनावट कागदाचा एक गुण असतो, त्यात तपशील खच्चून भरलेला असतो. कलांतियावच्या संहितेत कुठल्या गुन्ह्याला मुंग्यांकडून चाववून घ्यायचं इथपर्यंत सगळं आहे. लोआर्काचा सिदापा चार ओळींत संपतो, आणि लोआर्काला त्यात रस नाही हे वाचतानाच कळतं. कंटाळलेल्या माणसाने टाकलेल्या चार ओळींवर माझा जास्त विश्वास बसतो.

अर्थात पाद्र्यांना बाजू होती. स्त्री आणि पुरुष दोन्ही असलेल्या लाकापातीबद्दल लिहिताना त्यांचं नाक किती मुरडलेलं आहे ते दिसतंच. म्हणून विशेषणं गाळायची आणि वस्तू ठेवायच्या: झाड, खूण, दांडकं, पक्षी.

आणि एक कबूल, मायारीची गोष्ट सोळाव्या शतकातली नोंद नाही. ती मानववंशशास्त्रज्ञ होकानो यांच्या १९६९च्या संकलनातून सगळीकडे पसरली. लोककथा म्हणून घेतली आहे आणि चित्राखाली तसं लिहिलंय. नेटवर बथालापासून खाली वंशावळ काढलेली असते, हा याचा मुलगा, ती तिची सवत. तेवढं चोख कुटुंब विसाव्या शतकात जमवलेलं आहे. गावागावाचे देव वेगळे होते.

रक्ताबद्दल बोलते, पण ते बुलुलमध्ये.

---

मोडीवाला

या विषयात एक वस्तू आपल्या लोकांनी बघायलाच हवी. लागुना ताम्रपट. १९८९ साली लुंबान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना सापडला. मिंदोरोमध्ये मांग्यान लोकांत राहिलेले डच अभ्यासक आंतून पोस्तमा यांनी वाचला. आता मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लिपी कावी, भाषा मुख्यतः जुनी मलय, आणि सुरुवात कशी आहे बघा: स्वस्ति, शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००चा एप्रिल. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयातला शक तो हाच!

मजकूर कर्जमाफीचा. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्यात मोजलेलं कर्ज फिटलं, त्याच्या पोराबाळांवर बोजा नाही, असा दाखला. देवांबद्दल त्यात एक अक्षर नाही. धाग्याशी संबंध एवढाच की त्या काळचा स्थानिक माणूस स्वतः बोलतोय असा हा दुर्मीळ कागद आहे, आणि तोही सावकारीचा.

---

भगवा झंझावात

म्हणजे तिकडे सगळी आपलीच संस्कृती होती! दिवाता म्हणजे देवता, बथाला म्हणजे भट्टारक. मग या देवांना वेगळं काढायचंच कशाला, आपल्याच देवांची रूपं आहेत.

---

मोडीवाला

अहो, शब्द गेला म्हणून देव गेला असं होत नाही. आपण टेबल म्हणतो म्हणून आपण इंग्रज होत नाही. व्यापाऱ्यांबरोबर जावा-सुमात्रामार्गे शब्द गेले, तिथल्या लोकांनी आपल्या देवांना ते लावले. झाडावर आयुष्य मोजणारा देव आपल्याकडे दाखवा मग बोलू.

---

दावाओ रिटर्न

मी दावाओला डॉक्टरकी शिकले, आपली मराठी मुलं तिथे भरपूर असतात. सुट्टीत दक्षिण कोताबातोमधल्या लेक सेबूला गेले होते. तिथे त्बोली बायका तनालाक नावाचं कापड विणतात. केळीच्या जातीतल्या अबाका झाडाचा धागा. तो आधी गाठी मारमारून बांधतात आणि मग रंगवतात, काळा रंग क्नालुम नावाच्या झाडाच्या पानांचा, तांबडा लोको नावाच्या मुळीचा, आणि जिथे गाठ होती ते पांढुरकं राहतं. विणून झालं की कवडीने घासून चकाकी आणतात. नक्षी सगळी भौमितिक. कागदावर कुठेही काढून ठेवलेली नसते, ती स्वप्नात मिळते, अबाकाची मालकीण फू दालू देते असं त्या मानतात. लांग दुलाय या विणकर आजींना १९९८ साली तिथल्या सरकारचा सर्वोच्च कारागीर सन्मान मिळाला, २०१५ मध्ये गेल्या त्या.

जमिनीवर पसरलेल्या तनालाकवरून ओलांडून गेलं तर चालत नाही. मी पाय उचलला होता, एका बाईंनी दंडाला धरून मागे ओढलं.

रेषाळताई, तुमची मालिका तागालोग आणि विसाया देवांपुरती आहे तोवर ठीक. पण उद्या कोणी फू दालूचं असंच पोस्टर केलं तर? हे देव कागदातले नाहीत, रोजच्या वापरातले आहेत. आदिवासी हक्कांचा १९९७चा कायदा आहे तिथे, त्यात समाजाच्या ज्ञानावर आणि कलेवर समाजाचा हक्क मानलाय आणि आधी संमती घ्या असं म्हटलंय.

---

रेषाळ

म्हणूनच बुलुल आणि फू दालू दोन्ही यादीत नाहीत.

बुलुलबद्दल, काकांसाठी. मनिला ज्यावर आहे त्या लुझोन बेटाच्या उत्तरेला इफुगाओंची भातखाचरं आहेत, डोंगर उतारावर पायऱ्यापायऱ्यांची, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत. भाताचं कोठार राखायला लाकडी बुलुल ठेवतात, सहसा जोडी, एक पुरुष आणि एक बाई. बहुतेक नारा लाकडाचे. बसलेला बुलुल असेल तर गुडघे वर, हात गुडघ्यांवर आडवे, डोकं थोडं मोठं, डोळे म्हणजे दोन खोबणी किंवा कवड्या. बोटं बहुधा नाहीत, कान कधी असतात कधी नाहीत. इफुगाओ सुतारांनी जे काढायचं ते आधीच काढून टाकलंय. माझ्यासारखीने त्यातून आणखी काय वजा करायचं?

आणि नुसतं कोरून तो बुलुल होत नाही. मुंबाकी म्हणजे त्यांचा पुजारी मंत्र म्हणतो, डुकराच्या रक्ताने माखतो, तांदळाची दारू वाहतो. वर्षानुवर्षं कोठारातला धूर आणि हातांचं तेल बसतं, मग लाकूड ते विशिष्ट काळं होतं. बागियो शहराच्या बाजारात पर्यटकांना विकतात ते बुटपॉलिश लावून काळे केलेले असतात. मी स्क्रीनवर सपाट काळा भरला तर ते त्या बुटपॉलिशच्या जवळचं होईल. काकांचा मुद्दा इथे मला मान्य आहे, आणि म्हणूनच चित्र नाही.

सिदापाचं तसं नाही. त्याच्या नावाने आज कुणी खूण करत बसत नाही. उरल्यात चार ओळी, आणि त्या चार ओळींवर पिसांचे टोप चढवण्यापेक्षा त्या चारच ठेवलेल्या बऱ्या, एवढंच माझं म्हणणं.

---

खडूस काका

हे पटलं. बुटपॉलिश विशेष.

पण "उरल्यात चार ओळी" हे किती छातीठोकपणे म्हणता येईल? पानायच्या डोंगरात अजून लांबलचक गाणी गाणारे लोक आहेत. सगळं काही स्पॅनिश कागदात नसतं.

---

रेषाळ

बरोबर. सुलोदनोन लोकांची महाकाव्यं आहेत, होकानोंनीच पन्नासच्या दशकात त्यातलं एक ध्वनिमुद्रित केलं होतं. ती त्यांची आहेत, त्यांतून उचलायचं तर दावाओताई म्हणतात तसं विचारून. मी पुरातन कागदांपुरतं बोलते आहे.

---

पानसुपारी

बाकुनावा म्हणजे तो चंद्र गिळणारा साप ना? आमच्या आजोळी गिरण लागलं की "दे दान सुटे गिरान" ओरडत यायचे, आम्हाला फार भीती वाटायची. तिकडे काय करतात?

---

रेषाळ

हो, तोच. विसायात चंद्रग्रहण लागलं की लोक बाहेर येऊन भांडी बडवायचे, आरडाओरडा करायचे, म्हणजे बाकुनावा दचकून चंद्र ओकून टाकेल. आधी सात चंद्र होते, त्याने सहा खाल्ले, हा एक उरला, अशी गोष्ट सांगतात. मध्य लुझोनमध्ये ग्रहण घडवणाऱ्याला लाहो किंवा लावू म्हणतात, तो मात्र थेट राहूच आहे. भगवा झंझावात, ही एक तुमची.

काढायला सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते. वर्तुळ आणि भोवती वेटोळं काढलं की नेटवरचे सगळे बाकुनावा तयार. मला आधार मिळाला तो पानायच्या जुन्या तलवारींच्या मुठींवर. मूठ शिंगाची किंवा लाकडाची, आणि टोकाला बाकुनावाचं डोकं कोरलेलं. वरचा जबडा मागे वळलेला, तोंड उघडं, दात दोनचारच. बाजूने बघितलं तर सगळं डोकं म्हणजे एकाला एक जोडलेले गळासारखे दोन हूक दिसतात. तेच घेतलंय. चंद्र तोंडात नाही, तोंडासमोर आहे, आणि चौकटीच्या डाव्या कडेला सहा रिकामी वर्तुळं, फक्त बाह्यरेषा. ती सहा ठेवू की काढू हा प्रश्न आहे. काढली तर चित्र मोकळं होतं, पण मग तो नुसता ग्रहणाचा साप होतो.

---

पानसुपारी

ठेवा! सहा रिकाम्या ताटांसारखी नाहीत ना दिसत तेवढं बघा.

---

मोडीवाला

बाकुनावाबद्दल एक आठवलं. पानायकडे घर बांधताना वर्षाच्या त्या महिन्यात बाकुनावाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघत, त्याच्या तोंडात खांब रोवायचा नाही. आपल्याकडे पाया खणताना शेषाचं तोंड बघतात, तसंच.

---

झिंगूर

सिदापा आणि बुलानची जोडी काढा ना! मृत्यूचा देव आणि चंद्राचा देव, दोघांचं प्रेम. बाकुनावापासून सिदापा त्याला वाचवतो. माझी सगळ्यात आवडती फिलिपिनो दंतकथा.

---

रेषाळ

झिंगूर, ती गोष्ट इंटरनेटवर जन्मली. सिदापा जुना, बुलान जुना, पण दोघांचं प्रेम गेल्या पंधरावीस वर्षांतलं. म्हणून ती वाईट होत नाही. इथल्या समलिंगी तरुण मुलामुलींना ती फार जवळची आहे, आणि दैवतं अशीच वाढतात. फक्त या मालिकेच्या नियमात बसत नाही. वेगळं चित्र म्हणून कुणीतरी काढावं, मी पहिली शेअर करेन.

ज्यांना जुन्या नोंदीतलं हवंय त्यांच्यासाठी लाकापाती आहे. तागालोग शेतीची देवता, तिची मूर्ती स्त्री आणि पुरुष दोन्ही अवयवांची असे. पेरणीच्या वेळी शेतकरी शेतात मूल वर उचलून धरायचा आणि म्हणायचा, लाकापाती, या तुझ्या दासाला खाऊ घाल, उपाशी ठेवू नको. ते वाक्य १६१३च्या एका तागालोग शब्दकोशात उदाहरण म्हणून आलंय, म्हणून टिकलं.

---

टिंबटिंब

मग देवता कशाला, ते उचललेलं मूलच काढा! खाली जमिनीची आडवी रेघ, त्यावर उभी रेघ, वर एक ठिपका.

---

रेषाळ

टिंबटिंब, हे ढापते आहे. मी आतापर्यंत एका बीजातून फुटणारे दोन कोंब काढत बसले होते आणि ते एखाद्या आयुर्वेदिक साबणाच्या खोक्यासारखं दिसत होतं. पण मग ती दोन्ही आहे हे कुठे येणार?

---

झिंगूर

जमिनीच्या रेघेत. अर्धी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या, मध्ये सांधा दिसू द्यायचा नाही.

---

दावाओ रिटर्न

आणि मूल त्या सांध्यावर उभं राहिलेल्या माणसाच्या हातात. छान जमेल.

---

अक्षरवेल

मी अक्षरांच्या बाजूने विचारते. चित्राखाली नावं बायबायिन या तिथल्या जुन्या लिपीत दिलीत ते आवडलं. ब्राह्मीच्याच कुळातली म्हणून वळणं ओळखीची वाटतात. पण काही नावांत शेवटी फुली मारलीय, काहींत नाही. असं का?

---

रेषाळ

फुली म्हणजे आपला हलन्त, पण तो मूळचा नाही. १६२० साली लोपेस नावाच्या पाद्र्याने छपाईसाठी शोधला, क्रुसाच्या आकाराचा. आधीचे लोक पाय मोडलेला व्यंजन लिहीतच नसत, वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. त्यामुळे बथाला जुन्या पद्धतीने ब-ह-ल असा तीन अक्षरांत येतो. सध्या पासपोर्टवर बायबायिन छापतात तिथे आणि टॅटूवाल्यांकडे सरसकट फुली असते. फुलीवाली नावं मी जुन्या फाइलमधून घेतली होती, ती आज बदलते.

---

खडूस काका

बथाला राहिला की. सगळ्यात मोठा देव आणि त्यालाच टांग?

---

रेषाळ

टांग नाही, तिथे रंगावर अडलंय. बथाला माइकापाल, सगळं घडवणारा, याहून जास्त वर्णन नाही. पण तागालोग लोक एका पक्ष्यालाही बथाला म्हणत, त्याची चाहूल बघून प्रवासाला निघत किंवा परत फिरत. पाद्री चिरिनो १६०४ मध्ये लिहितो, पक्षी निळा. अधिकारी मोर्गा १६०९ मध्ये लिहितो, पिवळा. आता काय करू? दोन रंगांचा नियम आहे म्हणून दोन्ही वापरता येतील, पण मग तो पोपट होतो.

---

टिंबटिंब

बिनरंगाचा ठेवा. वादच मिटला.

---

दावाओ रिटर्न

लुझोनच्या जंगलात तसा निळा पक्षी आहे, फेअरी ब्लूबर्डची फिलिपिनो जात. बरेच लोक तोच असावा म्हणतात.

---

खडूस काका

मोर्गा मनिलात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेला माणूस. जंगलात कधी गेला असेल असं वाटत नाही. चिरिनो कुठे होता?

---

रेषाळ

ताइताइ आणि अंतिपोलो, तागालोग गावांत. म्हणजे निळाच. बिनरंगाचा ठेवला तर कोरी जागा "माहीत नाही" असं सांगेल, आणि इथे माहीत आहे. पक्षी चौकटीच्या उजवीकडे नेते, डावीकडे रिकामं, वाटेवरच्या माणसाने थांबून बघावं तेवढं.

बथाला आणि लाकापाती रविवारी रात्री चढवते. ज्यांनी व्यक्तिगत निरोपात प्रिंटची चौकशी केली त्यांना: एसव्हीजी फाइल देते, ए-थ्रीपर्यंत कुठल्याही छापखान्यात काढा, कागद मात्र चकचकीत घेऊ नका, सिदापाच्या खाचा उजेडात दिसेनाशा होतात. टी-शर्टसाठी देणार नाही, आधीच सांगते.

---

पानसुपारी

कपावर चालेल का?

---

रेषाळ

कपावर बाकुनावा चालेल. सिदापा नको, रोज सकाळी चहा पिताना कशाला.